भोंग्याच्या मागची पावलं

भीती माणसात डोळ्यांवाटे शिरते असं सगळे धरून चालतात. आमच्या मेहुणीत ती गालाच्या हाडावाटे शिरली. आणि शिरली तीही पाहुणी म्हणून नाही, घर नावावर करून घेतल्यासारखी ठाण मांडून बसली.

मेहुणी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. राहते आमच्याच जिन्यावर, समोरच्या दारात. घरात सगळे तिला भोंगा म्हणतात. दगड कापायच्या कारखान्यात ती मोठ्या करवतीवर काम करते आणि करवतीच्या वरताण बोलून बोलून तिचा गळा असा तयार झालाय, की तिने घरात मीठ मागितलं की वरच्या मजल्यावरचे वाटी घेऊन खाली येतात. त्या करवतीचा आवाज मी एकदाच ऐकलाय. त्यानंतर आठवडाभर मला बायकोचं बोलणं ऐकू आलं नाही. सुखाचा आठवडा होता तो.

तिथले लोक फाटकातून आत पाऊल टाकायच्या आधी कानात स्पंजचे बोळे कोंबतात. मग बोलायचं असलं की कपाळाला कपाळ टेकवतात. एकाच्या कवटीतला शब्द दुसऱ्याच्या कवटीत उतरतो, हवेला मध्ये कामच नाही. लांबून बघणाऱ्याला प्रश्न पडावा, इथे फरशा कापतात की एडके झुंजवतात.

यंदाच्या तपासणीत भोंग्याच्या छातीत दगडाची भुकटी निघाली. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नळीत फुंकायला लावलं आणि काटा जेमतेम हलला. रोज मोकळ्या हवेत धाव, चढ चढ, असं त्यांनी बजावलं. पुढच्या तपासणीला काटा वर सरकला नाही तर करवतीवरून काढीन, आणि तोवर तू धडधाकट असलीस तर तेही नशीबच समज. हे भोंग्याने घरी येऊन बहिणीच्या कपाळाला कपाळ लावून सांगितलं. आमची ही मटकन खाली बसली.

दुसऱ्याच दिवशी भोंगा धावायला गेली आणि पाऊण रस्त्यातून परत आली. चढावर श्वास लागला की छातीतून बारीक शिट्टी वाजायची, आणि ती ऐकली की तिचे पायच गळायचे. गाणी ऐकत धावले तर शिट्टी ऐकू येणार नाही, असं तिनेच काढलं. पण कान बंद करून धावायची सोय नव्हती, कारण रस्ता.

बाकी सगळ्या रस्त्यांवर दगडाच्या ट्रकांची धूळ. स्वच्छ हवेचा एकच रस्ता, जुन्या खाणीच्या काठाने जाणारा. एका अंगाला कापलेला कडा, दुसऱ्या अंगाला पडका कठडा आणि खाली खाणीत साचलेलं काळं पाणी. मध्ये कोंबड्यांची एक बंद पडलेली शेड. शेड चालू होती तेव्हा तिथली कुत्री फेकलेल्या आतड्यांवर पोसली होती. आता फेकणारं कोणी नाही आणि कुत्री तिथेच. पार्सल पोचवणाऱ्या एका माणसाची पोटरी त्यांनी अशी फाडली, की तो अजून जिना बसून उतरतो. त्याने सांगितलं होतं, ती भुंकत नाहीत. नखं वाजतात तेवढीच.

म्हणून आम्ही दुकानात गेलो. दुकानदार होता काटकुळा, बोलायला मिठ्ठास. त्याने असे हेडफोन काढले जे कानात जातच नाहीत. कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात आणि हाडातूनच गाणं आत पोचवतात. कान मोकळे, मागून काय येतंय ते सगळं कळेल. हिने मान डोलावली. भोंगा म्हणाली, यात नवीन काय, आम्ही रोज असंच बोलतो. दुकानदाराला खरं वाटेना, तेव्हा तिने त्याचं डोकं धरून आपलं कपाळ टेकवलं आणि काहीतरी बोलली. काय बोलली ते तिने कधी सांगितलं नाही. तो मात्र नंतर सगळ्या वस्तू दोन्ही हातांनी द्यायला लागला.

पहिला जोड जड होता, मानेमागची पट्टी टुणटुण उडायची. दुसरा घामाने घसरेल असा गुळगुळीत. दुकानदार म्हणाला, जागच्या जागी धावून बघा, जबडा हलवून बघा, घट्ट वाटला तर घेऊ नका. भोंगा धावली तेव्हा काचेच्या कपाटातली खेळणी वाजायला लागली. तिसरा बसला. आवाज फार वाढवला की गालाला गुदगुल्या होतात, कमीच ठेवा, असंही त्याने सांगितलं. खोक्यात एक छोटी थैलीही होती. तिच्याबद्दल तो काहीतरी सांगत होता, पण तोवर आम्ही दारात होतो.

पहिल्या दोन-चार दिवसांत गाण्याखाली शिट्टी दबली. दिसायला लागली ती भीती. भोंगा धावून यायची आणि दाराला कडी घालून पाठ टेकवून उभी राहायची. घामाने नाही, आतून भिजल्यासारखी. शेवटी एकदा तिने मला जिन्यात गाठलं. ताईला सांगू नका म्हणाली, आणि तेही माणसाच्या आवाजात, तेव्हाच मी समजलो, पाणी मुरतंय.

"भाऊजी, माझ्या मागे कोणीतरी धावतं."

कुत्री का, मी विचारलं. नाही म्हणाली. दोन पायांचं. धप धप, माझ्या पावलावर पाऊल. मी जोरात गेले की तेही जोरात. मी थांबले की थांबतं, पण मग जवळ उभं राहून श्वास घेतं. घरघरता, ओला. मानेवर नाही, भाऊजी, कवटीच्या आत. वळून बघावं तर रस्ता रिकामा.

मी जन्मभर लोकांना भुताच्या गोष्टी सांगितल्या, पण स्वतःहून पुढे आलेलं भूत मला हे पहिलंच. मी तिला म्हणालो, धावणं थोडे दिवस बंद ठेव. ती म्हणाली, आणि काटा?

मग तिने कारखान्यात एका मैत्रिणीला सांगितलं, अर्थात कपाळ लावून. अशा बोलण्याचा एक तोटा आहे. तिसऱ्याला ऐकू जात नाही, त्यामुळे मध्येच कोणी म्हणत नाही, अगं असं नव्हतं ते. प्रत्येक डोक्याने आपापली फोडणी घालून गोष्ट पुढच्या डोक्यात ओतली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते पाऊल खाणीत पडलेल्या एका कापणाऱ्याचं झालं होतं. संध्याकाळी ती गोष्ट फिरून भोंग्याकडेच आली, तेव्हा त्या कापणाऱ्याला उंचीही मिळाली होती आणि एक डोळा गेला होता. सगळ्यात जुन्या करवतवालीने तिच्या कपाळाला कपाळ लावून तोडगाही दिला. मागे वळून बघायचं नाही. बघितलं नाही तोवर ते मागेच राहतं. बघितलंस की पुढे येऊन उभं राहतं.

त्या दिवसापासून भोंगा मान ताठ करून धावू लागली. मला म्हणाली, तुम्ही फक्त वळणावर येऊन बसा, पुढे ओळखीचं कोणी दिसलं की पाय चालतात. माझे गुडघे सासऱ्यांनी दिलेल्या घड्याळासारखे, चालले तर चालले. तरी गेलो.

सकाळची कोवळी उन्हं होती. मी वळणावरच्या दगडावर बसलो. खाली पाणी इतकं स्थिर, की त्यात आभाळ पडून बुडालंय असं वाटावं. लांबून भोंगा येताना दिसली. चेहरा पांढरा, डोळे माझ्यावर रोखलेले. ती शेडवरून पुढे आली, आणि तिच्या मागे शेडच्या भिंतीतल्या भगदाडातून एक एक करत कुत्री बाहेर पडली.

पार्सलवाला खरं बोलत होता. एकही भुंकलं नाही. माना खाली घालून ती तिच्या मागे लागली, धावत नव्हती, झपाझप चालत होती. बरगड्या मोजता याव्यात अशी. पुढच्याचा एक कान लोंबत होता.

मी ओरडलो. एरवी हाकेला अख्खी आळी गोळा करणारी बाई, तिला काही कळलंच नाही. पुन्हा ओरडलो. तेव्हा मला तिच्या कानांत पिवळे ठिपके दिसले. बोळे. खोक्यातल्या थैलीत होते ते बोळे. कान मोकळे ठेवायचे म्हणून घेतलेल्या यंत्राबरोबर तिने कान बंद करून घेतले होते. तिलाही ते कळलं नसणार. कानाशी काही घुमायला लागलं की त्या कारखान्यातल्या माणसाचा हात आपोआप बोळ्याकडे जातो, आपली पापणी मिटावी तसा. विश्वास नसेल तर कानात बोटं घालून चालून बघा. स्वतःचंच पाऊल डोक्यात धप धप वाजतं, स्वतःचाच श्वास दुसऱ्याचा वाटतो. तिच्या मागे ती स्वतःच धावत होती, आणि खरे पाय आता कुठे आले होते.

मी उठून दोन्ही हात हलवले, तिच्या मागे बोट दाखवलं. चूक केली. तिने माझं तोंड बघितलं, माझे फाटलेले डोळे बघितले आणि तिची खात्री पटली, की भाऊजींनाही तो दिसला. वळायचं तर नव्हतंच. तिने जीव खाऊन वेग वाढवला. आणि समोरचं पळायला लागलं म्हटल्यावर कुत्रीही पळायला लागली.

ती कठड्याच्या बाजूला सरकत चालली होती. तिथे कठडा नव्हताच, नुसती कड. मला पळता येत नाही म्हणून मी रस्त्यात आडवा झालो, हात पसरून. ती येऊन माझ्यावर आदळली. दोघांनी एकमेकांना धरलं, नाहीतर दोघंही पाण्यात. मी तिच्या कानातला बोळा उपटून काढला.

"कुत्री आहेत," मी म्हणालो. "पळू नकोस."

तिने दुसरा बोळा काढला. मग सावकाश मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कुत्री थांबली होती, जीभ बाहेर काढून, चार हात अंतरावर. आणि खरं सांगतो, तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं जणू माहेरचं माणूस भेटलंय.

"कुत्रीच आहेत होय," ती पुटपुटली.

ते समाधान फार टिकलं नाही. कुत्रीच होती, म्हणून तर. पुढच्याने ओठ वर केला आणि पिवळे सुळे दाखवले. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला पाणी, मध्ये आम्ही, आणि मोठा रस्ता वळणाच्या पलीकडे. मी तिचा दंड धरला आणि आम्ही चालायला लागलो. सावकाश, भाजी आणायला निघाल्यासारखे. मागे डांबरावर नखं वाजायला लागली. टक टक टक. अनेक पायांची.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "गेली का?"

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. लोंबत्या कानाचं कुत्रं तिच्या टाचेला लागून चालत होतं. ही पळाली तर संपलं, एवढंच मला सुचलं.

"गेली," मी म्हणालो.

"बरं झालं."

ती चालत राहिली. मग तिने आमच्या मोरीच्या गळक्या नळाचा विषय काढला. ताईला सांगा, वायसर बदलून घ्या, रात्रभर टपटप ऐकू येतं. मी हूं म्हणालो. ती नळावरून बादलीवर आली, बादलीवरून माझ्या आळसावर. तोंड चालू होतं, पण मान ताठ होती, एकदाही मागे वळली नाही. हेडफोनमधून गाणं अजून बारीक वाजत होतं, तिच्या गालाच्या हाडात, आणि कोणीच ऐकत नव्हतं.

मोठा रस्ता आला. दगडाचा एक ट्रक भोंगा वाजवत, धूळ उडवत गेला. कुत्री डांबराच्या कडेला थांबली. जरा वेळ आमच्याकडे बघितलं आणि वळून निघाली.

भोंगा धुळीत खाली बसली. मी तिच्या शेजारी टेकलो.

"गेली म्हणालात ना," ती म्हणाली, "तेव्हा पुढच्याचं नाक माझ्या पोटरीला लागत होतं. ओलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पळाला असता."

मी माझ्या गुडघ्यांची आठवण करून दिली. ती म्हणाली, भीतीला गुडघे नसतात, भाऊजी.

मग तिने गाणं बंद केलं, छातीवर हात ठेवला आणि श्वास आत ओढला. शिट्टी मलाही ऐकू आली. ती ऐकत राहिली, तोंड वाकडं करून, पण उठून पळाली नाही.

"वाजतेय अजून," ती म्हणाली. "उद्या परत यावं लागणार. काटा काही चालून वर सरकायचा नाही."

मी येईन म्हणालो. तेव्हा ते साफ खोटं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार वाजवलं, तेव्हा मी चपला घालून, काठी मांडीवर घेऊन दाराशीच बसलो होतो.