थोरल्याची चावी

"उघड," हवालदार म्हणाला.

दयाराम पेटाऱ्यापुढे उकिडवा बसला. नुकताच खाचरातून आला होता. पोटऱ्यांना चिखल, अंगावर कमरेचा रुमाल तेवढा. म्हणूनच करगोट्याला बांधलेली चावी हवालदाराच्या लगेच नजरेत भरली. ही कसली, असं त्याने विचारलं आणि दयारामने पेटाऱ्याची म्हणून खरं सांगून टाकलं. सात वर्षं येरवड्यात काढलेला माणूस खाकी कपड्यापुढे खोटं बोलत नाही. त्याची जीभच वळत नाही.

पेटाऱ्यात बंदूक होती. बापाच्या वेळची, ठासणीची. खाडीकाठच्या भातात रानडुकरं उतरतात म्हणून परवाना मिळालेली. परवाना आता धाकट्या शिवदासच्या नावावर होता, आणि शिवदास सकाळीच आगरदांड्याला गेला होता.

परवान्याच्या तपासणीला हवालदाराबरोबर आलेल्या पोलीस पाटलाने, बुधाजीने, दयारामला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावलं होतं. नवा कायदा झालाय. सजा झालेल्या माणसाच्या ताब्यात बंदूक चालत नाही, आणि त्यासाठी त्याने तिला हात लावायलाच हवा असं नाही. चावी तुझ्या कमरेला, म्हणजे बंदूक तुझ्या ताब्यात. कुलूप उघडलं की तू पुन्हा आत.

खाऱ्या पाण्याचा बांध रात्रीतून फोडला म्हणून दयारामने एकावर कोयता चालवला होता. तो माणूस जगला, पण हात गेला. दयाराम श्रावणात सुटून आला तो दुधाने तोंड पोळल्यासारखा ताकही फुंकून पीत होता. भांडण तर सोडाच, बांधावरून कुणी हाक मारली तरी मान खाली. आणि अशा माणसाला शिवदासने आल्या दिवशीच ओसरीवर बसवलं, चार माणसांदेखत ही चावी त्याच्या करगोट्याला बांधली.

"दादा आला. आता घराचं त्यानंच बगायचं," असं म्हणाला होता.

पेटाऱ्याची चावी थोरल्याच्या कमरेला, ही त्यांच्या घरची आज्यापासूनची रीत. दयाराम गोठ्यामागे जाऊन रडला होता. येरवड्यात एकदाही रडला नव्हता. तेव्हापासून उठता-बसता चावी कमरेला टोचायची आणि त्याला बरं वाटायचं. पेटारा उघडायची गरज मात्र कधी पडली नाही.

त्याने गाठ सोडली आणि चावी कुलुपात घातली. ती आत गेली, पण फिरेना. काढून पुन्हा घातली. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळून कुलुपावर पडला. हवालदाराने त्याला सरकवून स्वतः करून पाहिलं, मग चावी उजेडात धरून निरखली.

"ही या कुलुपाची नाहीच," तो म्हणाला.

माजघराच्या दारात शिवदासची बायको शकू उभी होती. थोरल्या दिरापुढे ती कधी तोंड उघडत नसे. आताही तिने डोईवरचा पदर पुढे ओढला, गळ्यातल्या पोतीत ओवलेली चावी काढली आणि सासूच्या, येसूबाईच्या, हातावर ठेवली. येसूबाईने ती मुलाकडे न बघता हवालदाराला दिली.

कुलूप पहिल्याच फेऱ्यात, आवाज न करता उघडलं. हवालदाराने बंदुकीवरचा आकडा परवान्याशी पडताळून पाहिला आणि कुलूप लावून चावी परत येसूबाईकडे दिली. जाताना दयारामला म्हणाला, "तुझा भाऊ शहाणा आहे. वाचलास."

वाचलोच, हे दयारामला कळत होतं. पण दोन महिने तो कमरेला काय बांधून फिरत होता? शिवदासने हे त्याला वाचवायला केलं, की त्याच्या हाताला भिऊन? त्याला फार वाईट वाटलं. तो ओसरीच्या कडेला, चावी मुठीत धरून, दुपारभर बसून राहिला.

उन्हं उतरताना शिवदास आला. वाटेत बुधाजीने त्याला सगळं सांगितलेलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. हातातली मासळी त्याने खाली ठेवली नाही. अंगणातच थांबला.

"दादा," तो म्हणाला.

दयारामने त्याच्याकडे पाहिलं. तो तुरुंगात गेला तेव्हा शिवदासला मिसरूडही नव्हतं. मागं राहून त्याने बांध राखला, आईला सांभाळलं, गावाचं बोलणं ऐकून घेतलं.

"हवालदार येऊन गेला," दयाराम म्हणाला. "माजी चावी काय फिरली न्हाय. कुलूप गंजलंय. तेल सोड त्यात."

शिवदास ओसरीवर चढला. मग मासळी आईकडे देऊन आत गेला, वाटीत तेल घेऊन आला आणि पेटाऱ्यापुढे बसून, कसलाही गंज नसलेल्या त्या कुलुपात थेंब थेंब सोडू लागला. त्याची पाठ हलत होती.

दयाराम उठला. चावी त्याने पुन्हा करगोट्याला बांधायला घेतली.

मासळी साफ करायला बसलेल्या येसूबाईने मान वर केली नाही.

"गाठ घट मार," ती म्हणाली. "पडंल न्हायतर."