मागून स्त्रीचा आवाज

शालन जाधव रत्नागिरीच्या कोर्टातून स्टेनो म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या खाती चौतीस वर्षांची नोकरी होती आणि मनात एक तक्रार. तक्रार त्यांनी कधी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून पाच मिनिटं बोलायचा, साहेब ते ऐकून दोन वाक्यांत सांगायचे आणि शालनताई ती दोन वाक्यं टाइप करायच्या. बाकीचं सगळं हवेत जायचं. एका म्हातारीने हद्दीवरच्या दगडी गडग्याच्या भांडणात शेजाऱ्याच्या बैलापासून पुतणीच्या लग्नातल्या मानपानापर्यंत सगळं काढलं होतं, आणि कागदावर आलं होतं, 'हद्द मला माहीत आहे.' ते वाक्य शालनताईंना अजून टोचायचं.

त्यांची मुलगी दर्शना ठाण्याला मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. तिनेच आईला एका गटात घातलं. गटातली माणसं मराठी व्हिडिओंना खाली अक्षरं लिहून द्यायची, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही ते समजावेत. पैसे मिळत नसत. गट चालवणारी ऋजुता पुण्याची होती, वयाने दर्शनाहून लहान. तिने फोनवर नियम सांगितले. जे ऐकू येईल ते लिहायचं, सारांश करायचा नाही, भाषा सुधारायची नाही. आणि बोलण्याशिवायचे आवाज चौकोनी कंसात टाकायचे.

"जे ऐकू येईल ते सगळं?" शालनताईंनी विचारलं.

"सगळं, काकू."

शालनताईंनी फोन ठेवला आणि बाजारात जाऊन चांगला हेडफोन आणला.

पहिला व्हिडिओ मोदकांचा होता. त्यात त्यांनी लिहिलं: [कुकरची शिट्टी. बाहेर कुणीतरी गंगुबाईंना हाक मारते. गंगुबाई ओ देत नाहीत.] ऋजुताने फार गोडीत विचारलं की काकू, गंगुबाईंचा मोदकांशी काही संबंध आहे का.

"ते मला कसं कळणार," शालनताई म्हणाल्या. "मला ऐकू आलं, मी लिहिलं."

ऋजुताने ते राहू दिलं. चार दिवसांनी एका कर्णबधिर बाईंनी त्या व्हिडिओखाली विचारलं की गंगुबाईंनी शेवटी ओ दिली का. त्यानंतर ऋजुताने शालनताईंना काही विचारायचं सोडून दिलं.

डिसेंबरात गटाकडे पालीच्या विनीतचा निरोप आला. विनीतला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडील गेल्यावर आंब्याच्या साठ कलमांची बाग त्याच्या अंगावर पडली होती. गोळपचे श्रीपती शेवडे नावाचे बागायतदार 'हापूसची शाळा' या नावाने व्हिडिओ करतात, ते कुणी लिहून देईल का, असं त्याने विचारलं होतं. गोळप म्हणजे शालनताईंच्या घरापासून एसटीने अर्धा-पाऊण तास. ऋजुताने काम त्यांनाच दिलं.

शालनताईंनी रीतीप्रमाणे आधी शेवड्यांना फोन करून परवानगी मागितली. शेवडे बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले, आवाज भरदार, बोलणं ठाशीव. ते खूश झाले.

"अवश्य करा. फक्त एक सांगतो, शालनबाई. शब्दन् शब्द आला पाहिजे. माझं काही गाळू नका."

"गाळायची मला सवय नाही," शालनताई म्हणाल्या.

पहिल्याच व्हिडिओत शेवडे टोपी घालून कलमाखाली उभे होते. पाठीमागे बासरी वाजत होती. ते म्हणाले, "तर मंडळी, मोहोर आला की झाडाला भरपूर पाणी द्यावं." आणि शालनताईंच्या कानात, अगदी हळू, कुणीतरी म्हणालं, "द्या. म्हणजे मोहोर राहील बाजूला आणि पालवी येईल."

शालनताईंनी व्हिडिओ थांबवला. वेग निम्मा करून पुन्हा ऐकलं. बासरीच्या खाली, शेवड्यांच्या आवाजाच्याही खाली, बाईचा आवाज होता. साध्या फोनवर तो पानांची सळसळ वाटला असता. चौतीस वर्षं पुटपुटणारे साक्षीदार ऐकलेल्या कानाला मात्र तो स्वच्छ ऐकू येत होता. बहुधा फोन हातात धरून चित्रण करणारीच ती असावी.

शालनताईंनी लिहिलं: [मागून स्त्रीचा आवाज: द्या. म्हणजे मोहोर राहील बाजूला आणि पालवी येईल.]

पुढे तसं बरंच आलं. शेवडे म्हणाले, फुलं पूर्ण उमलली की फवारणी करावी. मागून आलं, 'माश्या मारा सगळ्या. मग फळं काय तुम्ही धरवणार?' शेवडे म्हणाले, बागेवर मी स्वतः जातीने लक्ष ठेवतो. मागून आलं, 'हो. पंख्याखालून.' शालनताईंनी पंधरा दिवसांत अकरा व्हिडिओ पुरे केले. चौतीस वर्षांत त्यांना एवढी मजा आली नव्हती.

अक्षरं आल्यावर व्हिडिओ बघणारे वाढले. विनीतसारखे होतेच, पण कचेरीत आवाज बंद ठेवून बघणारेही होते. खाली प्रश्न यायला लागले: 'मागच्या आवाजाबद्दल अधिक माहिती हवी.' शेवड्यांनी स्वतःच्या व्हिडिओतली अक्षरं कधी वाचली नव्हती. स्वतःचं बोलणं पुन्हा काय वाचायचं, असं त्यांना वाटे. लोक आवाजाच्या दर्जाबद्दल तक्रार करतायत असं समजून त्यांनी नवा, भारीतला माइक मागवला आणि फोनला जोडला. बाराव्या व्हिडिओसाठी शालनताईंना वेग कमी करावा लागला नाही.

जानेवारीत शेवडे पालीच्या बाजारात खतं-औषधांच्या दुकानात गेले. तिथल्या टीव्हीवर त्यांचाच व्हिडिओ चालू होता. दुकानदार फोनवर बोलत असल्यामुळे आवाज बंद होता. पाच-सहा शेतकरी मान वर करून वाचत होते. शेवडेही कौतुकाने त्यांच्यामागे उभे राहिले आणि वाचायला लागले. पंख्याचं वाक्य आलं तेव्हा पुढचा एक जण हसला, मग सगळे हसले. मग एकाने मागे वळून पाहिलं.

शेवडे औषध न घेताच निघाले, ते थेट रत्नागिरीत, नाचणे भागातल्या शालनताईंच्या दारात आले.

"हे काय आहे?" त्यांनी फोन पुढे धरला.

शालनताईंनी चष्मा लावून वाचलं. "बरोबर आहे. एक स्वल्पविराम राहिलाय."

"माझ्या प्रत्येक वाक्याखाली तुम्ही हिला आणून बसवलंय."

"प्रत्येक नाही. बत्तीस ठिकाणी."

"अहो, ती माझी बायको आहे."

"हे मला माहीत नव्हतं. मग नाव घालता येईल. 'मागून स्त्रीचा आवाज' फार जागा खातं."

शेवडे खुर्चीत बसले. शालनताईंनी पाणी दिलं ते प्यायले. मग म्हणाले, "काढून टाका."

"शब्दन् शब्द आला पाहिजे, असं तुम्हीच म्हणालात."

"माझा. हिचा नव्हे. आणि निदान तिला तरी विचारायचं होतंत."

शेवडे हे रागात, सुचेल तसं बोलले आणि निघून गेले. पण शालनताईंना ते लागलं. कोर्टात काय वाटेल ते होवो, साक्ष संपली की खाली एक ओळ यायची: वाचून दाखवली, बरोबर आहे. आणि साक्षीदाराची सही. ती ओळ त्यांनी हजारो वेळा टाइप केली होती. या बाईंची त्यांनी बत्तीस वाक्यं चव्हाट्यावर मांडली होती आणि एकही वाचून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे कागद छापून घेऊन त्या गोळपला गेल्या.

मालिनी शेवडे घरापुढच्या खळ्यात बसून, फळांना बांधायच्या कागदी पिशव्या मोजून गठ्ठे करत होत्या. शालनताईंनी ओळख सांगितली, कागद पुढे ठेवले. मालिनीताईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. पिशव्या बाजूला ठेवून तिसरं वाचलं.

"हे मी बोलले?"

"हो."

"मोठ्याने?"

"हळूच. पण फोन तुमच्याच हातात होता."

मालिनीताई म्हणाल्या, "मला वाटायचं, मी मनात बोलते." थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाल्या, "बावीस वर्षं हे बदलीवर. सांगली, नाशिक, अकोला. बाग मी बघायची. दिवसभर बोलायला कोण, तर कलमं. त्यांच्याशी मनात बोललं काय आणि उघड बोललं काय. त्यातला फरकच कळेनासा झाला असेल."

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं," शालनताई म्हणाल्या. "चूक माझी. तुम्ही सांगाल ते काढते."

मालिनीताईंनी पेन्सिल मागितली आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. तेवढ्यात आतल्या खोलीत शेवडे दोनदा खोकले.

"इथे 'पालवी येईल' लिहिलंय. मी 'येईल' म्हणणार नाही. मी 'फुटेल' म्हणाले असेन."

"मी ऐकलंय," शालनताई म्हणाल्या.

"बाग माझी आहे, ताई."

पिशवीतून हेडफोन काढून दोघींनी पाळीपाळीने ऐकलं. 'फुटेल' होतं. शालनताईंनी मुकाट्याने दुरुस्ती केली. त्यांच्या कारकिर्दीतली ती तिसरी.

बाकी सगळ्यावर मालिनीताईंनी बरोबरची खूण केली, पंख्यावरही. नवव्या व्हिडिओतल्या एका ओळीपाशी मात्र पेन्सिल थांबली. तिथे होतं: [मागून स्त्रीचा आवाज: निळा शर्ट शोभतो यांना.]

"हे काढा," त्या म्हणाल्या.

"सगळ्यात हे एकच वाचून त्यांना बरं वाटेल."

"म्हणूनच काढा."

शालनताईंनी ते खोडलं. ऐकू आलेलं वाक्य हाताने खोडताना त्यांना कसंसंच झालं, पण खोडलं. शेवटच्या पानावर मालिनीताईंनी लिहिलं, 'वाचले, बरोबर आहे,' आणि सही केली. शेवडे बाहेर आले, उभ्याउभ्या सही पाहिली.

"म्हणजे हे राहणार?"

"राहणार," मालिनीताई म्हणाल्या.

शेवडे बागेत निघून गेले. टोपी न्यायला विसरले.

पुढचे तीन आठवडे 'हापूसची शाळा' बंद होती. मग एका सकाळी शेवड्यांचा शालनताईंना फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"शालनबाई, तुम्हाला ती हातांची भाषा येते ना? पालीहून एक तरुण आलाय. विनीत म्हणून. जरा येता का?"

शालनताईंना ती भाषा येत नव्हती, पण त्या गेल्या. काय झालं ते त्यांना मालिनीताईंकडून कळलं. विनीत वही घेऊन आला होता. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं: 'मागच्या बाईंना भेटायचं आहे.' दाराशी शेवडेच होते. त्यांनी पेन घेऊन लिहिलं, 'मी श्रीपती शेवडे.' विनीतने हात जोडून नमस्कार केला आणि खाली लिहिलं, 'हो, ओळखलं. त्या कुठे आहेत?'

शालनताई पोचल्या तेव्हा तिघं खळ्यात बसली होती आणि वही फिरत होती. विनीतच्या झाडांची फळं वाटाण्याएवढी होऊन गळत होती. त्याने फोटो दाखवले. शेवड्यांनी अर्धं पान लिहिलं, सुरुवात हापूस कोकणात आला तिथपासून. मालिनीताईंनी त्यावर एक तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पाणी किती देता?'

विनीतने लिहिलं, 'देत नाही. तुम्ही नको म्हणालात.'

'मोहोरात नको. आता फळ धरलं. आता द्या. बुंध्याशी नाही, थोडं लांब. वर पेंढा पसरा.'

शेवड्यांनी वही ओढून बारीक अक्षरात लिहिलं, 'पाणी द्या असं मी पहिल्याच व्हिडिओत म्हटलं होतं.'

मालिनीताईंनी लिहिलं, 'चुकीच्या महिन्यात.'

शेवड्यांनी पुन्हा पेन घेतलं. मग लिहिलं, 'बरोबर.'

विनीत ते वाचून हसला. त्याचं हसणं इतकं मोठ्याने होतं की पायरीवर झोपलेला कुत्रा उठून बसला.

"बेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा लेखी मिळालं," मालिनीताई शालनताईंना म्हणाल्या, आणि सगळ्यांसाठी कोकम सरबत करायला आत गेल्या.

शालनताईंना लिहायला काहीच उरलं नव्हतं. विनीतने वही त्यांच्याकडे सरकवली. 'तुम्ही लिहिता ना? प्रत्येक व्हिडिओत एकदा तरी लिहिलंय, भारद्वाज ओरडतो. तो कसा ओरडतो?'

शालनताईंनी विचार केला. लिहिलं, 'खोल. विहिरीत तोंड घालून कुणी हूप हूप म्हणावं तसं.'

विनीतने वाचलं आणि लिहिलं, 'विहिरीतला आवाज कसा असतो?'

शालनताई पेन धरून बसल्या. शेवड्यांनी वाचलं आणि वही परत त्यांच्याकडेच सरकवली. सरबत घेऊन आलेल्या मालिनीताईंनी पेले खाली ठेवून वही पाहिली. मग त्यांनी विनीतच्या दंडाला धरून त्याला अंगणातल्या पाण्याच्या निळ्या पिंपाकडे नेलं. पिंप अर्धं रिकामं होतं. त्याचे दोन्ही तळवे त्यांनी पिंपाच्या पोटावर ठेवले, तोंड आत घातलं आणि म्हणाल्या, "हूप. हूप. हूप."

विनीतच्या भुवया वर गेल्या.

"जरा आणखी खालच्या पट्टीत हवं," शेवडे म्हणाले.

"मग तुम्ही करा," मालिनीताई म्हणाल्या. या वेळी अजिबात पुटपुटल्या नाहीत.

शेवड्यांनी बाह्या सारल्या आणि पिंपात तोंड घातलं. त्यांचा भरदार आवाज पिंपाच्या कडांपर्यंत घुमला. विनीत डोळे मिटून उभा होता. मग त्याने वही घेतली आणि लिहिलं, 'हा पहिल्यापेक्षा बरा.'

शेवड्यांनी ते दोनदा वाचलं, वही बायकोपुढे धरली, आणि कुणी सांगितलं नसताना पुन्हा पिंपात वाकले. त्या नादात विनीतची साडेबाराची एसटी चुकली, आणि त्याला जेवायला थांबवून घेतलं.