आसादांची चकती

आसादांच्या तोमोहारूने चकती खिडकीच्या उजेडात धरली, मधल्या भोकातून अंगणाकडे पाहिलं आणि ती चटईवर ठेवून दिली.

"यावर मी नाव घालणार नाही."

"काय चुकलं, बाबा?" जावयाने, हेइसुकेने विचारलं.

"लोखंडच नीट बसलेलं नाही. होडीचे खिळे घडवणाऱ्याचा हात तो, जाणार कुठे!"

हेइसुकेने मान खाली घातली. तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसणारी ही चकती, म्हणजे त्सुबा, त्याने सासऱ्याने शिकवल्याबरहुकूम केली होती. लोखंड घडीवर घडी घालून ठोकलं होतं, कानशीने कड गोल केली होती, वाऱ्याने एका अंगाला कललेल्या बोरूच्या गवताची नक्षी आरपार कापून काढली होती. आता भोकाशेजारी नाव कोरलं की गंज चढवायचा, आणि तो मनासारखा काळपट झाला की चहाच्या पाण्यात उकळून थांबवायचा. नाव मात्र गंजाच्या आधी पडायला हवं. नंतर छिन्नी लावली तर चढलेला रंग उडतो. त्यामुळे काम तिथेच अडलं होतं. याआधीची चकतीही अशीच नावावाचून कोपऱ्यात पडून होती.

हागी गावातले कारागीर घरजावयाला दत्तक घेऊन घराणं चालवतात, आणि पसंत पडला नाही तर त्याला परतही पाठवतात. सुनेला माहेरी धाडावं तसंच, फक्त जावयाला रडायची सोय नसते.

संध्याकाळी ओकिनूने नवऱ्यापुढे भाताचा वाडगा ठेवला आणि तिथेच बसून राहिली.

"बाबांनी लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थांना निरोप धाडलाय. तुम्ही काहीतरी करा ना."

"काय करू? नक्की काय बिघडलंय ते सांगत असते तर सुधारलं असतं."

"तुम्हाला पाठवलं तर मीही येणार. आत्ताच सांगून ठेवते."

"माझ्या घरी खिळे ठोकायला?"

"ठोकेन. त्यात काय!"

त्याला हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. ती येईलही, पण मग या घरात म्हातारा एकटाच उरेल. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही जायचं नव्हतं. त्याला हे काम आवडू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोळसा घेऊन आला तेव्हा कामाच्या खोलीचं दार अर्धवट सरकलेलं होतं. आत तोमोहारू त्याच चकतीवर वाकून बसला होता. छिन्नीचं टोक नावाच्या जागी टेकवलं की घसरत होतं. म्हाताऱ्याने उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरून पाहिलं. टोक स्थिरावलं, पण मग हातोडी धरायला हात उरला नाही. त्याने छिन्नी खाली ठेवली, बाहीने चकती पुसली आणि बोरूंवरून सावकाश अंगठा फिरवला. वाईट कामावरून कोणी असा अंगठा फिरवत नाही.

हेइसुके पाय न वाजवता फाटकापर्यंत मागे गेला आणि खोकत, वहाणा आपटत पुन्हा आला.

दुपारी गढीवरून साएकी आले. चकती त्यांच्याच तलवारीसाठी होती.

"ही तर झालेली दिसते! मग नाव का नाही?"

तोमोहारूने हात बाह्यांत ओढून घेतले.

"चूक माझी आहे, साहेब," हेइसुके म्हणाला. "लोखंड नीट बसलेलं नाही. बाबा असल्या कामावर नाव घालत नाहीत."

"मग तू कसला वारस?"

"म्हणूनच परत जातोय."

ओकिनू चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"तू पाहिलंस ना सकाळी?"

हेइसुके चटईवरचा लोखंडाचा कीस गोळा करू लागला.

"लोखंडाला काही झालेलं नाही, साएकीसाहेब." तोमोहारूने बाहीतून डावा हात काढून पुढे धरला. बोटं थरथरत होती. "झालंय ते याला. आणि मी लोखंडाला दोष देत बसलो."

साएकी अंगणाकडे बघू लागले. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"बरं," ते म्हणाले, "पण नाव तर हवं."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी छिन्नी उचलली आणि हेइसुकेपुढे ठेवली.

"आसादा लिही. खाली तुझं नाव."

"पण साहेबांनी चकती तुमच्याकडे सांगितली होती."

"मी आसादांकडे सांगितली होती," साएकी अंगणाकडे बघतच म्हणाले.

हेइसुकेने चकती ठोकळ्यावर ठेवली. इतके दिवस वाट पाहिली ती याच घावाची, पण छिन्नी टेकवली तर त्याचाही हात ठरेना. चकती ठोकळ्यावर खुळखुळली.

तोमोहारू गुडघ्यांवर सरकत पुढे आला. त्याने दोन्ही तळवे चकतीच्या कडेवर टेकवले आणि अंगाचा सगळा भार हातांवर टाकला. हात थरथरतच होते. चकती मात्र जागची हलली नाही.

"हं," तो म्हणाला, "मार आता."