डिकीत पडून राहिलेला पत्रा

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं असेल असं वाटत नाही. गाडी घेताना लोक रंग बघतात, सीट दाबून बघतात, दार लावून आवाज ऐकतात. पोटाखाली वाकून कुणी बघत नाही, आणि माझी जागा तिथेच होती. एका जुन्या टर्बो डिझेल गाडीच्या धुराच्या नळीखालचा मी पत्रा. कारखान्यात मला हीट शील्ड म्हणत. वऱ्हाडात आल्यावर सगळे नुसतं पत्रा म्हणू लागले.

दोन पातळ पोलादी पत्रे आणि मध्ये पांढऱ्या तंतूंचा थर, असा मी घडलो. एका यंत्राने एकाच दाबात मला पन्हाळीसारखा आकार दिला आणि चार बोल्टांनी मला गाडीखाली बसवलं. टर्बोतून निघालेला धूर फार तापलेला असतो. तो पुढे धूर गाळणाऱ्या एका डब्यात शिरतो, आणि लांब पल्ल्यानंतर तो डबा इतका तापतो की त्याला वाळकं गवत टेकलं तर ते पेटावं. मी त्या डब्याच्या आणि जमिनीच्या मधे. वरची धग खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम.

पहिली अकरा वर्षं मी अकोल्यात काढली. गाडीचे मालक देवानंद सर कॉलेजात शिकवायचे. मे महिन्यात तिथला डांबरी रस्ता मऊ पडायचा आणि मी वरून खालून दोन्हीकडून भाजायचो. पण सर दर रविवारी पाण्याचा पाइप घेऊन गाडीखालचा चिखल धुवायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि गाडी चांदूर बाजारजवळच्या नत्थुजींच्या घरी आली.

नत्थुजींच्या घरात पिढ्यान्पिढ्या फुलांचा धंदा. झेंडू, शेवंती, निशिगंध. नत्थुजी स्वतः हार गुंफायचे. त्यांच्या बोटांत दोरा असा पळायचा की बघणाऱ्याला गाठ कधी पडली ते कळत नसे. त्यांची बायको गोदाबाई फुलं तोडायची, निवडायची. आणि त्यांची एकुलती एक मुलगी दामिनी त्याच फुलांनी लग्नाचे मंडप सजवायची. गाडी तीच चालवायची. मागची सीट काढून तिने तिथे फुलांचे क्रेट रचले होते. अमरावती, परतवाडा, कधी वर चिखलदऱ्यापर्यंत आम्ही फुलं पोचवली.

गाडीखाली मात्र आता पाणी कुणी मारत नव्हतं. काळ्या मातीचा चिखल माझ्यावर बसायचा, वाळायचा, पुन्हा बसायचा. माझे दोन बोल्ट गंजून गळून पडले. उरलेल्या दोघांवर मी लोंबू लागलो, आणि गाडी सुरू झाली की माझी खडखड सुरू व्हायची. मित्रांनो, ती खडखड म्हणजे माझी तक्रार होती. दुसरी भाषा मला येत नव्हती.

डिसेंबरात अमरावतीच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात गाडी थांबली, तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "फुलं आली का भंगार आलं?" सगळे हसले. फुलं उतरवून दामिनी गाडी थेट शालिकराम मिस्त्रीच्या गॅरेजवर घेऊन आली.

शालिकराम हा साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरून मला हाताने हलवून पाहिलं आणि वर न बघताच म्हणाला, "बेटा, पत्र्याचे बोल्ट गेले. भोकंही मोठे झाले. पट्टी मारून नवे बोल्ट बसवा लागतीन. सोमवारी ये."

"काका, उद्याच चिखलदऱ्याची ऑर्डर हाय. काढूनच टाका ना. तसाही तो काय कामाचा?"

"बिनकामाचं काई नसते गाडीत." शालिकराम खड्ड्यातून वर आला. "याच्या वर जो डबा हाय ना, तो निखाऱ्यावानी तापते. उद्याच्यापुरता काढून देतो. पण सोमवारी लावून घेजो. अन् तवर गाडी गवतावर, कुटारावर उभी नको करू. आइकलं का?"

"आइकलं काका."

उरलेल्या दोन बोल्टांचे नट काही केल्या फिरेनात. शेवटी त्याने छन्नी लावून ते तोडले. मी त्याच्या हातात पडलो. त्याने मला फडक्याने पुसलं, एका पोत्यात गुंडाळलं आणि डिकीत ठेवलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगाला धग लागत नव्हती. खरं सांगतो, मला ते बरं वाटलं नाही.

सोमवारी दामिनी गेली नाही. त्या दिवशी एक साखरपुडा होता. पुढच्या सोमवारी गाडीच्या काचेचं काहीतरी निघालं. मग लग्नसराई लागली. गाडी आता गुपचूप चालत होती, आणि जे गुपचूप चालतं त्याची आठवण कुणाला होत नाही. दामिनी निष्काळजी मुलगी नव्हती हो. पहाटे उठून राबणारी, शब्द पाळणारी पोर होती ती. फक्त हा एक शब्द तिच्या हातून राहून गेला.

एप्रिल उजाडला. अमरावतीत एका मोठ्या लग्नाचं काम होतं. सकाळी एक खेप टाकून दामिनी दुसरी खेप न्यायला भर दुपारी शेतावर परत आली. उन्हाने रस्ता पांढरा दिसत होता. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर तिने गाडी दामटली होती. मागे उरलेली निशिगंधाची फुलं सुकू नयेत म्हणून गाडी चालू ठेवून, एसी लावून ती उतरली आणि फुलांच्या पाट्या आणायला विहिरीकडे पळाली. सावली म्हणून तिने गाडी लावली होती ती गुरांच्या कोठ्याशेजारी. तिथे गव्हाचं कुटार पसरलं होतं, म्हणजे जनावरांना घालायचा वाळलेला भुसा. गाडीच्या पोटाला टेकेल एवढा थर होता.

मी डिकीत होतो. आधी मला वास आला. मग खालून तडतड ऐकू आली. माझी जागा माझ्यापासून चार हातांवर होती, रिकामी, आणि मी पोत्यात गुंडाळलेला. मित्रांनो, याहून वाईट काही माझ्या आयुष्यात घडलं नाही.

नत्थुजी विहिरीजवळच्या लिंबाखाली बिडी ओढत बसले होते. धूर दिसला तसे ते उठून धावले. कोठ्यात एक गाय आणि एक बैल बांधलेला. वारा गाडीकडून कोठ्याकडे वाहत होता, त्यामुळे कुडाला आग लागायला वेळ लागला नाही. नत्थुजी आत शिरले. घाबरलेली जनावरं ओढ घेत होती, दाव्याची गाठ घट्ट आवळली होती. हजारो गाठी मारलेल्या त्या बोटांनी त्यांनी गाईची गाठ सोडवली. तोवर वरचं जळतं तुराट्यांचं छप्पर त्यांच्या हातांवर कोसळलं. गाय वाचली. बैल वाचला नाही. दामिनीने बापाला पाठीमागून धरून ओढत बाहेर आणलं.

गाडी जळून काळी झाली. नत्थुजी पाच आठवडे अमरावतीच्या दवाखान्यात होते. परत आले तेव्हा दोन्ही हातांची बोटं आखडून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती.

आणि आग कशाने लागली, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. नत्थुजींची बिडी. गावाने तेच म्हटलं, गोदाबाईने तेच म्हटलं, आणि सगळ्यांत आधी नत्थुजींनीच तसं मानलं. गोदाबाईने कित्येक वर्षं त्यांना सांगितलं होतं, कुटाराजवळ बिडी ओढू नका. आता तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढून ती दामिनीच्या हाती द्यायची, आणि दामिनी बापाला घास भरवायची. नत्थुजी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बैलाचं नाव निघालं की डोळे मिटून घ्यायचे.

जूनमध्ये शालिकराम त्यांना भेटायला आला. निघताना म्हणाला, "गाडी दाखव." दामिनी त्याला शेतावर घेऊन गेली. तो त्या सांगाड्याखाली पाठीवर सरपटत शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात काळी खपली होती. डब्याला चिकटून जळालेलं कुटार.

"नत्थुजी कुठं बसले होते?"

"तिकडं, लिंबाखाली."

"अन् वारा?"

दामिनीने गाडीकडून कोठ्याकडे हात केला. हात तसाच राहिला. लिंब कोठ्याच्या पलीकडच्या अंगाला होता. तिथली ठिणगी वाऱ्याच्या उलट गाडीखाली कशी येणार?

शालिकरामने वाकडी झालेली डिकी उचकटली. पोतं जळून गेलं होतं. मी तेवढा होतो, निळा-काळा पडलेला.

"सोमवारी ये म्हणलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण म्या तरी फोन काहून नाही केला तुले? आग लागेपर्यंत चार महिने गेले. मीही इसरलो."

दामिनी मला दोन्ही हातांत धरून पायी घरी आली. नत्थुजींच्या खाटेजवळ जमिनीवर बसली आणि मला त्यांच्यासमोर ठेवलं. रडली नाही. सगळं पहिल्यापासून सांगितलं. मंगल कार्यालयातलं हसणं, छन्नी, सोमवार.

नत्थुजी कुशीवर वळले. आखडलेल्या बोटांची पाठ त्यांनी माझ्यावर टेकवली.

"मंग माह्या बिडीनं नाही लागली?"

"नाही बाबा."

त्यांचा श्वास जोरात सुटला. दोन महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी उतरावं तसा. मग ते दाराकडे बघून म्हणाले, "तुह्या मायले नको सांगू."

"काहून?"

"लोकं तुले फुलाचं काम देणार नाहीत. माह्यावर हाय, ते राहू दे. माह्या हातानं आता काय होऊन राहिलं? तुले अजून जिंदगी काढाची हाय."

दामिनी खूप वेळ त्यांच्या हातांकडे बघत होती. मग ती मला उचलून ओसरीवर गेली. गोदाबाई तिथे शेवंतीची रोपं निवडत बसली होती. शेजारची मनकर्णाबाईही होती. दामिनी थांबली नाही. दोघींच्या देखत म्हणाली, "माय, आग बाबाच्या बिडीनं नाही लागली. माह्यानं लागली. हा पत्रा म्या काढाले लावला, अन् परत लावला नाही."

मनकर्णाबाई उठून निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावाला कळणार होतं. गोदाबाईच्या हातातलं रोप हातातच राहिलं. तिने लेकीला शिवी दिली नाही, जवळही घेतलं नाही. काही वेळाने ती उठली, हात धुतले, आणि ताट वाढलं. दामिनीने सवयीने हात पुढे केला.

"राहू दे," गोदाबाई म्हणाली, आणि ताट घेऊन स्वतः आत गेली.

आतून शब्द ऐकू आले नाहीत. फक्त भाकर दुधात कुस्करल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच नत्थुजींचं नाक ओढणं.

त्यानंतर दामिनीची बरीच कामं गेली. जी उरली, ती आता एसटीने फुलं नेऊन करते. नत्थुजी खाटेवर बसून कोणतं फूल कुठं घालायचं ते सांगतात, हार आता दामिनी गुंफते. तिच्या गाठी अजून सैल पडतात. मला शालिकराम घेऊन गेला. मी त्याच्या गॅरेजच्या खांबावर खिळ्याला टांगलेला आहे. कुणी पत्रा काढायला आलं की तो आधी त्या माणसाला माझ्यासमोर उभं करतो. कुणी ऐकतं, कुणी घड्याळ बघतं.

मित्रांनो, मी आता कुठल्याच गाडीला बसणार नाही. तुमच्या गाडीखाली माझा एखादा भाऊबंद असेल. वर्षातून एकदा वाकून त्याच्याकडे बघा. त्याच्यावरचा चिखल काढा. तो वाजू लागला तर त्याच्यावर चिडू नका, त्याचा बोल्ट बघा. आणि कधी नाइलाजाने काढावाच लागला, तर परत लावल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात घालू नका.