शकुबाईंच्या जीपचा रंग

रंगाचा डबा उघडला की सोमाजी रामटेके प्रथम डोळे मिटत आणि नाक पुढे करीत. कोळसा खाणीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षे त्यांनी डंपर, जीपा आणि साहेबांच्या मोटारी रंगवल्या होत्या. निवृत्त होऊन ते आरमोरीला परतले, त्यालाही आता नऊ वर्षे लोटली होती. परंतु हा नेम मोडला नव्हता. त्या फाल्गुनात मात्र त्यांच्या नाकाला किळसेवाचून दुसरे काही लाभत नव्हते.

चंद्रपूर, वडसा आणि ब्रह्मपुरी येथून आणवलेले पाच नमुने त्यांच्यापुढे ओळीने मांडलेले होते. एकाला रॉकेलची घाण येत होती. दुसरा ढवळला तर तळाशी पांढरा गाळ चिकटला होता. तिसऱ्यात चमकीची पूड इतकी होती, की लग्नातल्या बँडवाल्याचा डगला आठवावा. त्यांनी काडी बाहेर काढली, तिच्यावरून ओघळणारी धार पाहिली आणि ती काडी दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तशी, दूर फेकली.

"हा रंग हाय? पाण्यात खडू कालवला कोणं तरी."

"पण भाऊ, नेटवर तं याले साडेचार स्टार हायेत," दिव्यानी म्हणाली.

"नेटले नाक हाय का वो बाई?"

दिव्यानी हसली. ती शकुबाईंची नात. परिचारिकेची परीक्षा उत्तीर्ण होऊन कुरखेड्याच्या पलीकडील एका आरोग्य केंद्रात तिची नेमणूक झाली होती, आणि पहिल्या दिवशी आजोबांची जीप स्वतः चालवीत तेथे जाण्याची तिची मनीषा होती. तिचे आजोबा, म्हणजे शकुबाईंचे पती पत्रू, यांनी ती जीप एका लिलावात घेतली होती. रस्ते नव्हते त्या काळी अडलेल्या बाळंतिणींना जंगलातल्या गावांतून दवाखान्यापर्यंत पोहोचवण्याचे काम त्यांनी त्या जीपने हयातभर केले. अकरा लेकरे मागच्या बाकावरच जन्मली, असा शकुबाईंचा हिशेब होता. पत्रू वारल्यावर बावीस वर्षे ती गोठ्यात उभी होती. इंजिन दुरुस्त झाले, टायर नवे आले. राहिला होता तो रंग.

आणि रंगाच्या बाबतीत त्या पंचक्रोशीत सोमाजींचा शब्द हाच निर्णय असे. ट्रॅक्टरवाले असोत, शाळेच्या बसवाले असोत, ज्या डब्याला ते 'होय' म्हणत तोच घेतला जाई आणि ज्याला 'नाई' म्हणत तो दुकानात पडून राही. त्यांच्यापाशी एवढा एक शब्दच काय तो उरलेला होता, आणि तो त्यांनी प्राणापलीकडे जपला होता.

शब्द देण्यापूर्वी परीक्षा करण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पत्र्याच्या वीतभर पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीवर एकेक नमुना फवारायचा आणि पंधरा दिवस त्या कौलांवर उन्हात ठेवायच्या. मग पट्टी गुडघ्यावर धरून वाकवायची. वाकलेल्या जागी तडा गेला तर तो रंग त्याज्य. पेट्रोलचा बोळा शंभर वेळा फिरवायचा. बोळ्यावर डाग उतरला तरी त्याज्य. पाचही पट्ट्या त्याज्य ठरल्या. चौथीवरचा रंग तर सापाच्या कातीसारखा अखंड निघून आला, तेव्हा त्यांना शिसारी आली आणि त्यांनी हात साबणाने दोनदा धुतले.

उत्तीर्ण झाला तो सहावा. आरमोरीच्या बाजारपेठेतील दुकानदार धनराज याने तो नागपूरहून मागवला होता. हार्डनर मिसळून लावायचा, दगडासारखा घट्ट बसणारा. छटाही त्याने जुळवून आणली होती. डॅशबोर्डाच्या आतल्या अंगाला, जिथे ऊन कधी पोहोचले नव्हते, तिथे मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा सोमाजींना सापडला होता. पळसाच्या पानाची मागची बाजू असते, तसा तो करडा हिरवा होता. धनराजचा रंग त्याच्याशेजारी लावला आणि दोहोंमधली सीमारेषा दिसेनाशी झाली.

"होय," सोमाजी म्हणाले.

"भाऊ, हे एक वेळा अजून म्हना," धनराज हात पुसत म्हणाला. "घरच्या लोकायले सांगाले होईन का सोमाजीभाऊनं होय म्हनलं."

गोठ्यात काम सुरू झाले त्या सकाळी सोमाजींनी जीपच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केली. पत्रा घंटेसारखा वाजला. गंजाचा ठिपका नाही, छिद्र नाही, कोणा भुरट्या कारागिराने खड्डे बुजवायला थापलेली लांबी नाही. बावीस वर्षे गोठ्यात राहिलेल्या गाडीचे असे निष्कलंक अंग त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

"धुवाचं काई काम नाई, भाऊ," शकुबाई दारातून म्हणाल्या. "वर्सावर्साले पुसून ठेवत होतो मी तिले."

गोठ्यात एक जुनाट, खवट वास कोंडला होता. सोमाजींनी नाक मुरडले, गोठ्यालाच मनात दोष दिला आणि तोंडावर दुपट्टा बांधला. हात शिवशिवत होते. त्यांनी थेट पॉलिश पेपर घेतला आणि घासायला बसले. घासून झाल्यावर पेट्रोलचा एक हात फिरवला, प्रायमर दिला आणि दुसऱ्या दिवशी रंग फवारण्याची गन उचलली.

पहिला हात देऊन ते दोन पावले मागे सरले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या करड्या हिरव्या पृष्ठावर बारीक, वाटोळे खळगे उमटू लागले. रंग जणू पत्र्याचा स्पर्शच टाळत होता. जिथून तो मागे सरके तिथे माशाच्या डोळ्यासारखे भोक राही. पाव घटकेत बोनेटला देवीच्या व्रणांचे रूप आले. सोमाजींनी तोंडावरचा दुपट्टा ओढून काढला. गन खाली ठेवून ते गोठ्याबाहेर जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ परत आत गेले नाहीत.

'नमुना एक दाखवला आणि माल दुसरा दिला.' हा विचार त्यांच्या मनात उगवला, आणि दुसऱ्या विचाराला त्यांनी जागाच दिली नाही.

पुढचा दिवस आठवडी बाजाराचा. वांग्यांच्या राशी आणि सुक्या मासळीच्या टोपल्यांमधून वाट काढीत, हातात तो डबा घेऊन ते धनराजच्या दुकानापुढे उभे राहिले.

"धनराज, बाहेर ये."

"काय झालं, भाऊ? बसा ना. चहा सांगतो."

"तुह्या घरचा चहा? त्यातही थिनर असन." भोवती माणसे थांबली. "पट्टीवर सोनं देलं आन डब्यात गटार भरली. बाळंतिणीच्या गाडीवर उलटी केल्यासारखी केली तू."

"डबा सीलबंद होता. तुमीच फोडला ना आपल्या हातानं."

"सीलही नकली येते. चौतीस वर्सं पाह्यलं मी." मग सोमाजींनी असे काही केले, जे त्यांनी जन्मात कधी केले नव्हते. ते दुकानाच्या पायरीवर थुंकले. "याच्या दुकानातून कोनी पाव लिटरही नेऊ नोका."

 धनराजने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि पायरी धुतली.

त्या शब्दाचा परिणाम संध्याकाळच्या आत दिसला. शाळेच्या बसवाल्याने चार डबे परत आणून ठेवले. एका ट्रॅक्टरवाल्याने सांगितलेला माल नाकारला. पंधरवडाभर दुकानात माशा घोंगावत होत्या, असे लोक सांगत. आणि सांगताना त्यांना जो आनंद होई, तो ऐकून सोमाजींना समाधान वाटे. भेसळ करणाऱ्याची हीच गती व्हावी.

"भाऊ, नुसतं बोलून काय होते?" दिव्यानी एके दिवशी म्हणाली. "ग्राहक मंचात तक्रार टाकू. पन पुरावा लागन. त्याच डब्यातला रंग पट्टीवर मारून द्या."

सोमाजींना तो विचार रुचला. डब्यात अर्धा रंग शिल्लक होता. त्यांनी कोरा पत्रा कापला, हार्डनर मोजून घातला, फवारले आणि विडी ओढीत खळगे पडण्याची वाट पाहत बसले.

खळगे पडले नाहीत. पट्टी तळ्याच्या पाण्यासारखी नितळ राहिली.

त्यांनी दुसरी पट्टी फवारली. मग तिसरी, चौथी. सातव्या पट्टीनंतर त्यांनी गन खाली ठेवली. सातही पट्ट्या ओळीने उन्हात पडल्या होत्या आणि एकीवरही सुईच्या टोकाएवढा दोष नव्हता.

ते उठले आणि गोठ्यात गेले. जीपच्या मडगार्डाचा सांधा त्यांनी नखाने खरवडला. नखाखाली पिवळसर, चिकट मळी आली. त्यांनी डोळे मिटले आणि नख नाकाशी नेले. मोहाच्या बियांचे, टोरीचे तेल. वर्षानुवर्षे मुरलेले आणि खवट झालेले. तोच वास, ज्यासाठी त्यांनी गोठ्याला दोष देऊन तोंडावर दुपट्टा बांधला होता.

"शकुबाई," त्यांनी हाक मारली, "हिले पुसत होते तुमी, ते कायनं?"

"टोरीच्या तेलानं," शकुबाई म्हणाल्या. "पोळ्याच्या आदल्या दिवशी तेल चोळून बैलाचे खांदे शेकते ना, भाऊ, तसं. आमच्या घरी बैल नोयते, हे जीपच होती. आमचे हे म्हनत, आपला बैल हाच. मंग ते गेल्यावर मी नेम सोडला नाई. बोनेट, दारं, खालून पन. हाताला फोड येत पर्यंत चोळत होतो."

सोमाजी खाली बसले. आधी धुवायचे, मग घासायचे. हा क्रम त्यांनी कित्येक शिकाऊ कारागिरांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. तेलकट पत्रा न धुता घासला की कागद ते तेल पुसत नाही, तर कणाकणात भरवतो. मग त्यावर देवांचा रंग ओतला तरी तो धरत नाही. हे ठाऊक असलेला माणूस ते स्वतः होते, आणि वास आलेला माणूसही तेच. धनराजच्या पायरीवर टाकलेली थुंकी जणू आता त्यांच्या स्वतःच्या तोंडात परत येऊन साचली होती आणि ती गिळवतही नव्हती.

"माह्या तेलानं बिघडलं का वो, भाऊ?" शकुबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"तेलानं पत्रा वाचला, बाई. नाईतर चाळण झाली असती याची. आधी धुवाचं काम माह्यं होतं. म्या नाई केलं."

त्याच दुपारी ते धनराजच्या दुकानात गेले. धनराज एकटाच वर्तमानपत्र वाचत होता. त्याने मान वर केली नाही.

"रंग खरा होता," सोमाजी म्हणाले. "चूक माही होती. न धुता घासलं म्या."

धनराजने पान उलटले. "हे इथी काऊन सांगून राह्यले, भाऊ? इथी कोन हाय आयकाले? तुमी बोलले तवा बाजार भरला होता."

त्याचे म्हणणे यथार्थ होते. सोमाजी पुढच्या बाजाराची वाट पाहू लागले. त्या चार दिवसांत दिव्यानीच्या रुजू होण्याचा दिवस येऊन गेला. ती पिशवी घेऊन एसटीने गेली. जीप तशीच, व्रणांनी भरलेली, गोठ्यात उभी राहिली.

बाजाराच्या दिवशी, सकाळची गर्दी दाटल्यावर, सोमाजी त्याच पायरीपुढे उभे राहिले आणि वर्कशॉपात यंत्रांच्या गडगडाटावर चढवीत असत त्या आवाजात बोलले. रंग शुद्ध आहे, डबा अस्सल आहे, आपण धुण्याआधी घासले, दोष आपला आहे, आणि या पायरीवर आपण थुंकलो हे पाप आहे. एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही.

मिरच्या तोलणाऱ्या बाईने मान वळवली आणि पुन्हा तराजूकडे पाहिले. दोघेतिघे थांबले, तेवढेच. ते थुंकले होते त्या दिवशी मात्र अर्धा बाजार जमला होता.

"झाली वाटते तडजोड," कोणी तरी म्हणाले.

"होईनच ना. म्हाताऱ्याले दोन-चार डबे फुकट भेटले असन."

"म्हनजे आता होय म्हनते, तवा नाई म्हने. याच्या बोलन्यावर गाडी रंगवावं कोनं?"

शाळेचा बसवालाही त्या गर्दीत होता. सोमाजींकडे पाहून तो हसला, ओळखीचे, समजूतदार हसू, जसे सगळे विकले जाते हे ठाऊक असलेला माणूस हसतो.  चौतीस अधिक नऊ वर्षांत सोमाजींच्या शब्दाला विकल्याचा वास कधी आला नव्हता. आणि ते हास्य घडवणारा हात त्यांचाच होता.

धनराज दुकानातून बाहेर आला. तो गर्दीकडे पाहत होता, सोमाजींकडे नव्हे.

"आयकलं ना, भाऊ?" तो हळूच म्हणाला. "महिना झाला, मी हेच आयकून राह्यलो. खरं सांगलं तरी लोक हासते."

 सोमाजींनी पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि ते त्या पायरीवरच बसले.

"उठा, भाऊ. काऊन बसले? लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

बाजार उठेपर्यंत ते तेथून हलले नाहीत. खिळे विचारायला आलेल्याला, ब्रश विचारायला आलेल्याला, नुसते डोकावणाऱ्यालाही ते तेच सांगत राहिले, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत: रंग खरा, पत्रा तेलकट, आधी धुतला नाही, तसाच घासला. कोणी ऐकून घेतले, कोणी हात हलवून पुढे गेले. शेजारच्या मासळीची घाण उन्हासरशी वाढत गेली आणि माशा त्यांच्या गुडघ्यांवर बसू लागल्या. त्या त्यांनी हाकलल्या नाहीत. तिसऱ्या प्रहरी धनराजने चहाचा पेला त्यांच्याजवळ आणून ठेवला आणि तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जीपवरचा तो उत्कृष्ट रंग स्वतःच्या हाताने खरवडायला घेतला. पुढच्या बाजाराच्या दिवशी काम अर्धे झाले होते. ते त्यांनी तसेच ठेवले, हात धुतले आणि पुन्हा धनराजच्या पायरीवर जाऊन बसले.