चौथ्या टप्प्यातलं वादळ

निशिवाकींची पाणबुडी गोळ्यांच्या वादळात पुन्हा त्याच जागी फुटली. त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताचा अंगठा दाबून पाहिला.

"तुमचं काही चुकलं नाही," कुवाबारा म्हणाली.

"मग मेलो कसा?"

जुन्या खेळाची ही नवी आवृत्ती तिनेच बांधली होती. मूळ 'रूरी' कित्येक वर्षांपूर्वी ओसाकाच्या गेम सेंटरांत आला तेव्हा पाणबुडी डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत नेणारे फार थोडे होते आणि निशिवाकी त्यांतले पहिले. पुढे तो घरच्या टीव्हीवर खेळण्यासाठी दोनदा निघाला. एकदा देवमाशाला शेपूटच नव्हती, दुसऱ्यांदा टॉर्पेडोचा आवाज झाकण आपटल्यासारखा. निशिवाकींनी दोन्ही वेळा कंपनीची सालटी काढली. म्हणून या खेपेला कंपनीने शहाणपण करून त्यांना आधीच बोलावलं होतं. कुवाबारानेही जीव ओतला होता. खेळ आता कुठेही अडखळत नव्हता.

"वय झालं," निशिवाकी बायकोला म्हणाले. "बोटं गेली. चल घरी."

"सकाळी माशाचे काटे काढत होतात तेव्हा बरी होती की," सादाए म्हणाली.

"काटे गोळ्या झाडत नाहीत."

त्यांनी विनोद केला खरा, पण चेहरा पडला होता. कुवाबाराला फार वाईट वाटलं. ताडून पाहायला कोपऱ्यात गेम सेंटरातली जुनी मशीन ठेवली होती. एकदा तिच्यावर खेळा, अशी तिने गळ घातली. निशिवाकी नाखुशीनेच बसले आणि ते वादळ सहज ओलांडून गेले. आता तिघंही बुचकळ्यात पडली.

"पुन्हा खेळाल?" कुवाबाराने विचारलं. या वेळी तिने पडद्याऐवजी त्यांच्या हातांकडे पाहिलं. चौथ्या टप्प्यात जेलीफिशचा थवा आला, पडदा गोळ्यांनी भरला आणि एवढं सगळं एकदम हलवणं न झेपल्याने मशीन मंदावली. तेवढ्यात निशिवाकींनी खांदे सैल सोडले, तळहात पँटला पुसला आणि वाट शोधली. आपण असं करतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

हा मंदपणा कुवाबाराने सर्वांत आधी काढून टाकला होता. साहेबांपुढे त्याची फुशारकीही मारली होती.

"जुनी मशीन इथे दमते," ती म्हणाली. "तुम्हाला उसंत मिळते. मी दोष समजून ते दुरुस्त केलं."

निशिवाकी मशीनवरून उठले.

"म्हणजे ती माझी चपळाई नव्हतीच?"

"मशीन सगळ्यांसाठीच दमायची, निशिवाकीसान. पार जायचे ते तुम्ही."

"ऐका तिचं," सादाए म्हणाली. पण ते ऐकत नव्हते. घरी जाताना त्यांनी चपलाही उलट्या पायांत घातल्या.

पुढच्या आठवड्यात ती दोघं पुन्हा आली. कुवाबाराने आपला खेळ त्या जागी मुद्दाम मंद केला होता. निशिवाकींनी खांदे सैल सोडले, तळहात पुसला आणि एकही पाणबुडी न गमावता शेवट गाठला.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "हाच दुकानात जाऊ दे."

सादाएने सुटकेचा श्वास टाकला. "बघा, बोटं शाबूत आहेत. उठा आता."

ते उठले नाहीत.

"पोरी, आणि तो आधीचा? ज्यात मी मेलो?"

"तो पुसून टाकते मी."

"पुसू नको. मला घरी न्यायचाय."

कुवाबाराने गोंधळून सादाएकडे पाहिलं. तिलाही काही कळलेलं दिसत नव्हतं.

"त्यात तर तुम्ही प्रत्येक वेळी..."

"हो ना," निशिवाकी म्हणाले. "ते वादळ पार केलंय, अशा समजुतीत राहिलो इतकी वर्षं."

त्यांनी कंट्रोलर पुन्हा हातात घेतला. "लाव तो."