निळ्या बाटलीतलं उष्टं

बफरची नवी बाटली फोडली आणि जुनी तिच्याशेजारी उजेडात धरून बघितली.

बफर म्हणजे ज्याचा पीएच आधीच ठाऊक असतो असं पाणी. पिवळं सातचं, निळं दहाचं. रोज सकाळी मीटरचं काचेचं टोक त्यांत बुडवायचं, मीटरला सांगायचं, बाबा रे, हे सात आणि हे दहा, आणि मग दिवसभर त्याच्या शब्दावर चालायचं. नवं बफर स्वच्छ निळं होतं. जुन्या बाटलीच्या तळाशी दोन बोटं उरलं होतं ते हिरवट. निळ्यात पिवळं गेलं की होतं तसं.

मी मीटर नव्या बफरवर लावलं आणि टोक जुन्यात बुडवलं. दहा यायला हवं होतं. साडेनऊ आलं. म्हणजे साडेनऊलाच दहा म्हणायला मी मीटरला शिकवलं होतं, आणि ते सगळे आकडे चढवून सांगत होतं.

पिवळं निळ्यात कुणी घातलं हे विचारायची गरज नव्हती. नवी बाटली मागवायची तर तीन सह्या लागतात, म्हणून पेल्यात काढलेलं बफर मी परत बाटलीत ओतायची. दोन्ही बफरांना पेला एकच, तोही न विसळता. मला शिकवणारे मास्तर असते तर कान धरला असता. "वापरलेलं बफर उष्टं," ते म्हणायचे. "उष्टं कुणी परत पातेल्यात टाकतं का? ओतलं ते ओतलं." मास्तर निवृत्त झाले आणि मी शहाणी झाले.

बरं, मीटरनं सांगितलं नव्हतं असंही नाही. बफर लावून झालं की ते आपल्या तब्येतीचे टक्के दाखवतं. पंच्याण्णवच्या खाली गेले की समजावं, काहीतरी बिघडलंय. सोमवारी चौऱ्याऐंशी होते. पण शेजारी बरोबरची खूण उमटली, मला घाई होती, मी पुढचं बटण दाबलं.

आणि त्याच मीटरनं सोमवारी रंगवाल्या काकूंच्या कारखान्याचं सांडपाणी मोजलं. मर्यादा नऊची. आलं नऊ पूर्णांक तीन.

काकूंचे हात कोपरापर्यंत जांभळे होते. "ताई, परत एकदा बघा ना," त्या म्हणाल्या होत्या. "मी तर माप बघूनच सोडते."

"काकू, मीटर कुणाच्या ओळखीचं नसतं," असं मी फाडकन सुनावलं होतं. ते आठवलं आणि स्वतःच्याच तोंडात मारावीशी वाटली.

आज बारा वाजता आमच्या प्रदूषण खात्याचे साहेब त्या कारखान्याला सील लावणार होते. घड्याळात अकरा वीस झाले होते.

सोमवारचा नमुना फ्रिजमध्ये होता. बाहेर काढला, पण गार पाण्याचा आकडा घेऊन चालत नाही. बाटली दोन्ही हातांत धरून खोलीत येरझाऱ्या घातल्या. बसवेना. टोक धुतलं, टिपलं, पुन्हा धुतलं. साहेबांना फोन लावला, उचलला नाही. मग मोजलं. आठ पूर्णांक नऊ. पुन्हा मोजलं. आठ पूर्णांक नऊ.

खोटं कशाला बोलू, मी जुनी बाटली घेऊन बेसिनपाशी गेले होते. नळही सोडला होता. दोन बोटं पाणी, एका झटक्यात गेलं असतं, आणि माझ्या कायम नेमणुकीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. सात वर्षं त्या कागदासाठी काढली. आई शेजारणींना सांगून मोकळीही झाली होती की पोरगी कायम झाली.

नळ बंद केला. बाटलीला झाकण लावलं, मीटर आणि नमुना पिशवीत टाकला आणि रिक्षा पकडली. रिक्षावाल्याला इतक्या वेळा "जरा लवकर" म्हटलं की तो म्हणाला, "ताई, तुम्हीच चालवता का?"

पोचले तेव्हा बाराला पाच कमी होते. गल्लीच्या तोंडाशी साहेब, शिपाई, शिपायाच्या हातात सीलचं कापड. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"साहेब, थांबा. सोमवारचा आकडा चुकीचा आहे."

"कुणाचा आकडा?"

"माझा. बफर खराब होतं. मीच खराब केलं." मी हिरवट बाटली पुढे केली.

साहेबांनी बाटली हातात घेऊन हलवून बघितली. मग त्यांनी शिपायाला कापड गुंडाळायला सांगितलं. माझ्या कागदाचं काय होणार ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या, आभार वगैरे काही मानले नाहीत. का मानावेत?

"मी त्याच दिवशी म्हटलं होतं," एवढंच बोलल्या.

"हो काकू. म्हटलं होतंत."

मला वाटलं, सुटले. छातीवरचा दगड उतरला. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "ही बाटली कधीपासून वापरात आहे?"

"महिना झाला."

"मग या महिन्यात आणखी कुणाला बंद केलं?"

उत्तर द्यायला वही उघडावी लागली नाही. मी उभी होते तिथूनच, तीन दारं सोडून, साबणवाल्याचं दार दिसत होतं. कुलपावर आमचं सील, आणि कडीत अडकलेली, पावसापाण्यानं फिकट झालेली आमचीच नोटीस. अठरा दिवसांपूर्वी त्याचा आकडा नऊ पूर्णांक चार आला होता. त्यानंही परत बघा म्हटलं होतं. त्यालाही मी तेच वाक्य ऐकवलं होतं.

"साबणवाले कुठे असतात हल्ली?" मी काकूंना विचारलं.

"गेले की. यंत्रं कुलपात होती तशीच विकली आणि लेकाकडे गेले."

"त्यांचा नमुना असेल ना?" साहेब म्हणाले. "तो मोजा."

नमुने आम्ही पंधरा दिवस ठेवतो. साबणवाल्याची बाटली मी परवाच बेसिनमध्ये रिकामी केली होती, विसळून फडताळात पालथी घातली होती. नऊ पूर्णांक चारातलं खरं किती ते आता मलाही कधी कळणार नव्हतं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "ओतलं ते."

नव्या बफरवर लावलेलं मीटर माझ्या हातात होतं, टक्के अठ्ठ्याण्णव. मोजायला काही नव्हतं.